घराला रंग निवडताय? आधी उजेड बघा, शेडकार्ड नंतर

घर रंगवायचं ठरलं की बहुतेक जण सगळ्यात आधी शेडकार्ड मागवतात, मग त्या शेकडो छोट्या चौकोनांकडे बघत बसतात, घरातला प्रत्येक जण वेगळ्याच चौकोनावर बोट ठेवतो, आणि शेवटी सगळे कंटाळले की कुठलातरी क्रीम फायनल होतो. क्रीम वाईट अजिबात नाहीये, पण कंटाळून निवडलेला क्रीम आणि नीट बघून निवडलेला क्रीम यात खूप फरक पडतो. पहिल्यांदाच घर रंगवणाऱ्यांना माझं सांगणं एकच आहे आणि खाली लिहिलंय ते सगळं त्याभोवतीच आहे. शेडकार्डवरचा रंग तुमच्या भिंतीवर तसाच्या तसा कधीच दिसत नाही. तो तुमच्या खोलीतल्या उजेडात आणि तुमच्या फरशीशेजारी, पडद्याशेजारी बसल्यावर जो काय दिसेल तो खरा. म्हणून निवडायला सुरुवात खोलीपासून करायची, आणि शेडकार्ड उघडायचं सगळ्यात शेवटी.

१. जे बदलणार नाहीये ते आधी बघा

एका खोलीत उभे राहा आणि रंगकाम झाल्यावरही जे जिथल्या तिथे राहणार आहे ते लिहून काढा. फरशी, किचनचा ओटा आणि त्यावरच्या टाइल्स, दारं, खिडक्यांच्या चौकटी, भिंतीतलं मोठं कपाट, सोफा बदलणार नसाल तर सोफा. या सगळ्यांना आधीच रंग आहेत आणि नव्या भिंतीला यांच्याशी जुळवून घ्यायचंय, उलटं होणार नाही. पडदे किंवा गालिचा नवीन घ्यायचा असेल तर तो रंगाच्या आधी पसंत करून ठेवा. कारण सरळ आहे, आवडलेलं कापड चार-पाच रंगांतच मिळतं आणि भिंतीचा रंग मात्र मशीनवर हवा तसा बनवून मिळतो, मग जे कमी मिळतं ते आधी धरावं आणि जे भरपूर मिळतं ते त्याला जुळवावं.

आता या सगळ्या वस्तूंचा छुपा रंग ओळखायला शिका, याला पेंटवाले अंडरटोन म्हणतात. फरशी बघून आपण "पांढरी आहे" म्हणून मोकळे होतो, पण एक कोरा पांढरा कागद घ्या आणि त्या फरशीवर ठेवा. कागदाशेजारी ती फरशी एकदम पिवळसर दिसायला लागेल, नाहीतर राखाडी, नाहीतर हलकी गुलाबी. ओट्याच्या दगडाला, टाइल्सना, दाराच्या लॅमिनेटला असंच करून बघा आणि प्रत्येकापुढे एक शब्द लिहा : पिवळसर, गुलाबीसर, हिरवट, निळसर. दहा मिनिटांचं काम आहे पण पुढची निम्मी डोकेदुखी इथेच संपते. पिवळसर फरशीवर निळसर झाकेचा राखाडी लावला की भिंत चांगली, फरशी चांगली, पण दोघं एकत्र आले की फरशी मळकी वाटायला लागते आणि लोक म्हणतात रंग चुकला. रंग चुकलेला नसतो, जोडी चुकलेली असते.

शेडकार्डवर अंडरटोन ओळखायची पण एक सोपी युक्ती आहे, ज्या पट्टीवर एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा असतात तिच्या सगळ्यात खालच्या, गडद छटेकडे बघा. वरची फिकट छटा साधी ऑफ-व्हाइट वाटत असली तरी खालची जर स्पष्ट जांभळट असेल तर वरच्या छटेतही तो जांभळा लपलेला आहे, आणि चार भिंतींवर लागला की तो बाहेर येणारच.

२. खोलीत उजेड कुठून येतो

यावर जरा जास्त वेळ घालवा. आपण उत्तर गोलार्धात राहतो असं धरलं तर उत्तरेच्या खिडकीतून थेट ऊन फार कमी येतं, येतो तो आकाशाचा परावर्तित उजेड आणि तो थंड, निळसर असतो. अशा खोलीत राखाडी अजून थंड दिसतो, पांढरा निळसर दिसतो, आणि बदामी, मोतिया, अबोलीकडे झुकणारे रंग छान वाटतात. दक्षिणेच्या खोलीत दिवसभर भरपूर आणि उबदार उजेड असतो, तिथे निळे, हिरवे, राखाडी कुठलेही रंग चालून जातात, पण आधीच पिवळा असलेला रंग जरा जास्तच पिवळा होतो. पूर्वेची खोली सकाळी सोनेरी असते आणि दुपारनंतर थंड पडते, पश्चिमेचं याच्या उलट, दिवसभर सपाट आणि संध्याकाळी एकदम केशरी. म्हणजे खोली तुम्ही वापरता कधी ते विचारात घ्या. बेडरूम पश्चिमेला असेल आणि तुम्ही सकाळी लवकर बाहेर पडून रात्रीच परत येत असाल तर तो संध्याकाळचा केशरी उजेड तुम्ही बघणारच नाही, तुमचा रंग दिव्याखालीच ठरणार.

खिडकीबाहेर काय आहे तेही बघा. खिडकीला लागून मोठं झाड असेल तर पानांवरून येणारा उजेड हिरवा होऊन आत येतो आणि पांढऱ्या भिंतीवर तो स्पष्ट दिसतो. समोर विटकरी रंगाची इमारत असेल तर आत गुलाबी झाक येते. हे बारकावे वाटतात पण "शेडकार्डवर असा नव्हता हो" ही जी तक्रार असते तिचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

आता दिवे. बल्बच्या खोक्यावर केल्व्हिनमध्ये एक आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर उबदार प्रकाश, ४००० च्या आसपास म्हणजे मधला, ६५०० म्हणजे पांढराशुभ्र निळसर. तीच भिंत २७०० च्या दिव्याखाली मऊ वाटते आणि ६५०० च्या दिव्याखाली खरखरीत. दुसरा आकडा सीआरआय, तो कमाल १०० असतो, दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, साध्या एलईडीचा ८० च्या पुढे असतो आणि ९० च्या वर असेल तर उत्तम. नवीन दिवे लावायचे असतील तर रंग निवडायच्या आधी लावा, नंतर नाही. कारण असंही होतं की दोन रंग दिवसा अगदी एकसारखे दिसतात आणि रात्री दिव्याखाली एक हिरवट नि दुसरा तपकिरी, कारण दोघांमधली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रकाश बदलला की त्यांचं वागणंही बदलतं. याला मेटामेरिझम म्हणतात. सोफ्याच्या कापडाला भिंत "मॅच" करायला निघालेले लोक यातच सापडतात, म्हणून दिवसा मॅच केलेलं रात्री एकदा तरी बघायचंच.

३. आधी फिकट-गडद ठरवा, मग निळा-हिरवा

नवीन माणूस विचार करतो "हिरवा घ्यावा का निळा", पण खोली कशी वाटेल हे जास्त ठरतं ते रंग किती फिकट किंवा किती गडद आहे त्यावर. बऱ्याच कंपन्या प्रत्येक शेडला एलआरव्ही नावाचा आकडा देतात, म्हणजे तो रंग पडलेल्या प्रकाशातला किती परत फेकतो. ० म्हणजे सगळा प्रकाश गिळणारा काळा आणि १०० म्हणजे सगळा परत फेकणारा पांढरा, प्रत्यक्षातले पांढरे रंग ८० च्या पुढे कुठेतरी असतात. रोज वावरायच्या खोलीला, फार डोकं चालवायचं नसेल तर, ६० ते ७५ मधला रंग घ्या, बहुतेक वेळा पश्चात्ताप होत नाही. ४० च्या खाली गेलात की दिवसासुद्धा दिवे लावावे लागतील असं धरून चाला.

इथे एक गैरसमज दूर करायचाय. अंधारी खोली आहे म्हणून तिला पांढरीशुभ्र करा असा सल्ला सगळीकडे मिळतो. पांढरा रंग उजेड परत फेकतो हे खरं पण उजेड आत यायला तर पाहिजे, तो नसेल तर पांढऱ्या भिंती कोपऱ्यांत करड्या नि उदास दिसतात. अशा खोलीला थोडा रंग असलेली छटा द्या, हलका अबोली, मऊ पिस्ता, बदामी, आणि दिवे वाढवा. आणि अगदी लहान खोली असेल, म्हणजे पॅसेज किंवा पुस्तकांची खोली, तर तिथे मोरपंखी नाहीतर शेवाळीसारखा गडद रंग बिनधास्त चारही भिंतींना लावून बघा, कोपरे विरघळतात आणि खोली लहान असली तरी कोंदट वाटत नाही. मला तर ती पांढऱ्या लहान खोलीपेक्षा कितीतरी चांगली वाटते.

रंग चार भिंतींवर लागला की शेडकार्डपेक्षा जास्त गडद आणि जास्त भडक वाटतो हेही लक्षात ठेवा. समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग फेकत राहतात त्यामुळे तो साचत जातो, पिवळ्याच्या बाबतीत तर फारच. त्यामुळे शेडकार्डवर जो लिंबू पिवळा "बरोब्बर" वाटतोय तो भिंतीवर जास्त होणार, त्याच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या फिकट आणि जरा मळकट वाटणारा घ्या. कार्डावर थोडे मळलेले वाटणारे रंग भिंतीवर सगळ्यात देखणे दिसतात, यावर विश्वास बसत नाही पण सॅम्पल लावलंत की कळेल.

४. किती रंग आणि कुठे

६०-३०-१० नावाचा एक नियम तुम्ही ऐकला असेल. खोलीत साधारण ६० टक्के एक मुख्य रंग म्हणजे बहुतेक भिंती, ३० टक्के दुसरा म्हणजे पडदे, सोफा, गालिचा, आणि १० टक्के तिसरा म्हणजे उशा, दिव्याची शेड, एखादं चित्र. मोजपट्टी घेऊन मोजायचं नाहीये. पण त्यातली गोष्ट बरोबर आहे, एक रंग मोठा पाहिजे, एक मधला आणि एक छोटा. तीन रंग सारख्या प्रमाणात आले की डोळ्याला कुठे थांबायचं कळत नाही.

शेजारचे रंग एकमेकांना बदलतात, हे मात्र नीट समजून घ्या. शेव्रल नावाचे एक फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलाँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायची विणलेली चित्रं बनत, धागे रंगवण्याच्या विभागाचे प्रमुख होते. काळा धागा नीट काळा दिसत नाही अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंगात काहीच खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे तो काळा फिका वाटत होता. यावर त्यांनी १८३९ मध्ये सविस्तर मांडणी केली. तुमच्या घरात हेच होतं. लालसर लाकडी कपाटाशेजारी साधा राखाडी लावा, तो हिरवट-निळसर दिसायला लागेल. हिरव्या सोफ्यामागे साधी पांढरी भिंत किंचित गुलाबी वाटेल. म्हणून सॅम्पल बघायचं ते कपाटाला आणि सोफ्याला चिकटवून, मोकळ्या भिंतीवर लांबून बघून काही कळत नाही.

पूर्ण घराचा विचार करताना दारं उघडी ठेवून हॉलच्या मधोमध उभे राहा. तिथून एका नजरेत किती खोल्यांच्या भिंती दिसतात? त्या सगळ्या एकत्र चांगल्या दिसल्या पाहिजेत, प्रत्येक खोली वेगवेगळी पसंत करून चालत नाही. सोपा मार्ग म्हणजे सगळ्या खोल्यांचा अंडरटोन एकच ठेवायचा, सगळे उबदार किंवा सगळे थंड, आणि फिकट-गडद मात्र खोलीप्रमाणे बदलायचं. मुलांना त्यांच्या खोलीत जांभळाच पाहिजे असेल तर द्या की, दार बंद करता येतं.

हायलाइट भिंत करायची असेल तर आत शिरल्यावर जिच्याकडे आपोआप लक्ष जातं ती निवडा, पलंगाच्या डोक्याशी असलेली किंवा सोफ्यामागची. खिडकी असलेली भिंत गडद करू नका, उजेड तिच्या मागून येतो त्यामुळे ती आधीच काळोखी दिसते, त्यात गडद रंग म्हणजे दिवसा नुसती काळी चौकट. आणि प्रत्येक खोलीत एक भिंत वेगळी केलीच पाहिजे असं काही नाही. तीन फिकट नि एक भडक हे लोक सवयीने करतात, मला विचाराल तर चारही भिंतींना एकच मध्यम रंग जास्त शांत दिसतो.

५. सॅम्पल, हे टाळायचं नाही

बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे करा. दोन किंवा तीन शेड शॉर्टलिस्ट करा, सात-आठ नकोत, आणि त्यांचे सगळ्यात लहान डबे आणा. जुन्या भिंतीवर थेट पट्टे मारू नका, जुना रंग शेजारी राहिला की नवा नीट दिसतच नाही. त्याऐवजी साधारण दोन फूट बाय दोन फूट जाड पुठ्ठा घ्या, त्याला आधी पांढरा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा थर, मारा, मग सॅम्पलचे दोन हात द्या, कडेने इंचभर पांढरी पट्टी सोडा म्हणजे तो रंग वेगळा वाचता येतो. ओला रंग बघून मत बनवू नका, इमल्शन, म्हणजे भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग, ओलं असताना दुधाळ दिसतं आणि वाळल्यावर सहसा एक छटा गडद होतं. दुसऱ्या दिवशीच बघा.

आता तो पुठ्ठा खोलीभर फिरवा. आधी खिडकीसमोरच्या भिंतीवर, मग खिडकीच्या बाजूच्या कोपऱ्यात, मग खाली फरशीला टेकवून उभा. पुठ्ठा उभाच धरा, टेबलावर आडवा ठेवला तर वरून पडणाऱ्या उजेडात तो भिंतीपेक्षा उजळ दिसतो. सकाळी बघा, दुपारी बघा, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी बघा आणि दिवे लागल्यावर बघा. एक राखाडी समजा सकाळी स्वच्छ राखाडी दिसतोय, दुपारी फरशीच्या पिवळ्याशेजारी किंचित लव्हेंडर व्हायला लागला आणि रात्री पिवळ्या दिव्यात परत साधा राखाडी. तर मग तुम्हाला ठरवायचंय की तो दुपारचा लव्हेंडर चालेल का, तुम्ही दुपारी घरी असता का. प्रत्येक वेळी सुंदर दिसणारा रंग सहसा मिळत नाही, ज्या वेळी तुम्ही त्या खोलीत असता त्या वेळी सुंदर दिसला की झालं. आणि कमी उजेडात सगळ्यांच्याच डोळ्यांना लाल रंग काळपट दिसतात आणि निळे तुलनेने उठून दिसतात, म्हणून डाळिंबी, विटकरी असे रंग मंद दिव्याच्या खोलीत लावणार असाल तर रात्रीची तपासणी सोडू नका.

मोबाइलवर फोटो काढून भिंत रंगवून दाखवणारी अॅप असतात, ती गडद का फिकट एवढं ठरवायला ठीक आहेत. नेमकी शेड त्यावरून फायनल करू नका, प्रत्येक स्क्रीन वेगळा रंग दाखवते आणि फोनचा कॅमेरा स्वतःच्या मनाने रंग सुधारतो.

रंगाचा मनावर परिणाम वगैरे

लालने राग येतो, निळ्याने झोप लागते, पिवळ्याने अभ्यास होतो अशा याद्या खूप फिरतात. त्यांच्यामागे फार भक्कम काही नाहीये. १९७९ मध्ये सिएटलच्या नौदल तुरुंगातल्या एका कोठडीला ठराविक गुलाबी रंग दिला होता, कैदी शांत होतात म्हणून त्याचा खूप गाजावाजा झाला आणि इतर ठिकाणीही तो रंग लावला गेला, पण नंतर नीट नियंत्रित चाचण्या झाल्या तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. तेव्हा तुम्हाला बेडरूममध्ये अबोली आवडतो तर लावा, यादीत निळा लिहिलाय म्हणून निळा नको. तुमच्या घरातल्या माणसांना ज्या रंगात बसावंसं वाटतं तो रंग बरोबर.

६. फिनिश, छत, दारं

एकच शेड मॅट म्हणजे बिनचकाकीची, सॅटिन म्हणजे हलक्या चकाकीची आणि ग्लॉस म्हणजे चकचकीत अशी मिळते. मॅट भिंतीवरचे उंचवटे, पुट्टीच्या खुणा लपवतं आणि रंग खोल दिसतो, पण घासलं तर डाग पडतो. चकाकी जितकी जास्त तितकी भिंत पुसायला सोपी आणि भिंतीतले दोषही तितकेच उघडे. मुलं असलेल्या घरात हॉल, पॅसेजला धुता येणारं मॅट किंवा हलकं सॅटिन, बेडरूमला मॅट, किचनला सॅटिन, दारं-चौकटींना सेमी ग्लॉस. एवढं धरलं तरी पुरे.

छतावर थेट उजेड पडत नाही म्हणून भिंतीचाच पांढरा छताला दिला तर तो करडा दिसतो, छताला त्याच्याहून एक पायरी उजळ पांढरा घ्या. छत बुटकं असेल तर भिंतीचा रंग नि छताचा रंग जवळजवळचे ठेवा, मधली रेष डोळ्यात भरत नाही.

७. किती आणायचा आणि आणल्यावर काय

हिशोब करा. खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. चारही भिंतींची एकूण लांबी ४४ फूट, गुणिले १० म्हणजे ४४० चौरस फूट, त्यातून दार-खिडकीचे ४० वजा केले की ४००, म्हणजे साधारण ३७ चौरस मीटर. एक लिटर एका हाताला साधारण १० चौरस मीटर पुरतो असं धरलं तर दोन हातांना साडेसात लिटर, म्हणजे ८ आणा. खरा आकडा डब्यावर लिहिलेला असतो, तो बघूनच घ्या, खडबडीत भिंत जास्त पिते. भडक लाल, केशरी, पिवळ्याला तिसरा हात लागू शकतो, कारण त्या डब्यात झाकणारं पांढरं द्रव्य कमी असतं, लालखाली राखाडी प्रायमर मारला तर काम लवकर होतं.

एका खोलीचा सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या, आणि डबे दोन-तीन असतील तर मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच लावा. मशीनवर बनवलेल्या दोन डब्यांतही किंचित फरक येतो आणि तो भिंतीच्या मधोमध उठून दिसतो. भिंतीला ओल असेल, पोपडे येत असतील तर रंगाचा विचारच करू नका, आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. नवीन सिमेंट प्लास्टर असेल तर साधारण चार आठवडे सुकू द्या.

काम झालं की प्रत्येक खोलीचा शेड कोड, कंपनी, फिनिश आणि तारीख एका कागदावर लिहून त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा. उरलेला रंग मोठ्या डब्यात ठेवू नका, त्यातली हवा त्याला सुकवते, काचेच्या लहान बरणीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि वर खोलीचं नाव लिहा. टच-अप करताना आधी कपाटामागे कुठेतरी एक ठिपका लावून वाळू द्या, जुळला तरच समोरच्या भिंतीला हात लावा. दोन-तीन वर्षांनी भिंत उन्हाने थोडी उतरलेली असते, तेव्हा मधोमध ठिपके देण्यापेक्षा कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ती पूर्ण भिंत रंगवणंच बरं.